पॅलेस्टाईनचं भांडण "हजारो वर्षांचं" नाही. मग सुरुवात नेमकी कुठून धरायची?

खारफुटी (धागाकर्ता)

इस्रायल-पॅलेस्टाईनचा विषय निघाला की कोणीतरी हटकून म्हणतं, "अरे हे लोक हजारो वर्षं भांडतायत, यांचं कधी मिटायचं नाही." व्हॉट्सॅपवर तेच, घरी जेवताना तेच, इथेही तेच. मला हे वाक्य मनापासून खटकतं म्हणून हा धागा काढतोय. एकतर ते खरं नाही. आणि हजारो वर्षांचं म्हटलं की कोणी काय केलं, कधी केलं, कोणाच्या सहीने केलं हे विचारायची गरजच उरत नाही, सगळं नशिबावर ढकलून मोकळं होता येतं.

माझं म्हणणं असं की या भांडणाची पाळंमुळं साधारण १८५८ ते १९१७ या साठ वर्षांत आहेत आणि ती दोन वेगळ्या ठिकाणी रुजलेली आहेत. एक मूळ युरोपात. दुसरं ऑटोमन तुर्कांच्या जमीन-महसूल दप्तरात. युरोपातल्या मुळाबद्दल बरंच लिहिलं जातं, दप्तरातल्याबद्दल आपल्याकडे मी जवळजवळ काहीच वाचलेलं नाही.

आधी युरोप. मार्च १८८१ मध्ये रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर मारला गेला आणि त्यानंतर दक्षिण रशियात, आजच्या युक्रेनमध्ये, ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ल्यांची लाट आली. हेच ते पोग्रोम. सरकारने हल्लेखोरांना आवरायचं सोडून १८८२ च्या मे महिन्यात ज्यूंवरच नवीन निर्बंध लादले, खेड्यात नव्याने राहायचं नाही, तिथे जमीन घ्यायची नाही वगैरे. ओडेसामध्ये लिओन पिन्स्कर नावाचे एक डॉक्टर होते, आयुष्यभर त्यांचं मत असं की ज्यूंनी रशियन भाषा शिकावी, रशियन समाजात मिसळावं, म्हणजे प्रश्न सुटेल. या दंगलींनंतर त्यांनी १८८२ मध्येच एक पुस्तिका लिहिली की ज्यूद्वेष हा रोग आहे, मिसळून जाऊन तो बरा होणार नाही, आपल्याला आपली स्वतःची जमीन पाहिजे. ती जमीन पॅलेस्टाईनच असावी असा त्यांचा तेव्हा हट्ट नव्हता हे मुद्दाम सांगतो.

मग हर्झल. बुडापेस्टमध्ये जन्म, व्हिएन्नाच्या मोठ्या पेपरचा पॅरिसमधला बातमीदार, धर्मकर्माशी फारसा संबंध नाही. फ्रान्समध्ये ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर हेरगिरीचा खोटा खटला चालला, जानेवारी १८९५ मध्ये त्याची पदचिन्हं सगळ्यांसमोर उपटली गेली, ते हर्झलने बातमीदार म्हणून पाहिलं. त्याच वर्षी व्हिएन्नात कार्ल लुएगरचा पक्ष उघड ज्यूविरोधी प्रचार करून निवडून येत होता, त्याचाही धक्का तितकाच असावा असं मला वाटतं. १८९६ मध्ये 'ज्यूंचं राज्य' ही हर्झलची पुस्तिका आली आणि ऑगस्ट १८९७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेलला पहिली झायोनिस्ट काँग्रेस (ज्यूंना पॅलेस्टाईनमध्ये स्वतःचं घर हवं म्हणणाऱ्यांची परिषद) भरली. खरं तर ती म्युनिकला भरायची होती पण तिथल्या ज्यूंनीच विरोध केला, की आम्ही इथे जर्मन म्हणून नीट राहतोय, कशाला आमच्या निष्ठेवर शंका आणता.

आता दुसरं मूळ. १८५८ मध्ये ऑटोमन सरकारने नवीन जमीन कायदा केला, प्रत्येक जमीन कोणाच्या तरी नावावर सरकारी दप्तरात चढली पाहिजे. कागदावर चांगलाच कायदा. पण पॅलेस्टाईनमधला शेतकरी, तिकडे त्याला फल्लाह म्हणतात, घाबरला. नाव लागलं की सारा मागे लागणार आणि घरातला तरणा पोरगा सैन्यात ओढून नेणार. शिवाय कित्येक गावांत जमीन सामाईक होती, काही वर्षांनी चिठ्ठ्या टाकून फेरवाटप व्हायचं, ती एकाच्या नावावर लावायची तरी कशी? मग लोकांनी गावच्या शेखच्या किंवा शहरातल्या मोठ्या घराण्याच्या नावावर लावून टाकली, कुठे सरकारनेच थकलेल्या साऱ्यापायी जमिनी विकल्या. शेतकरी तिथेच राहिला, तीच जमीन कसत राहिला, त्याच्या लेखी काही बदललंच नव्हतं. बदललं होतं ते दप्तरात.

ज्यांचं आजोळ माझ्यासारखं रायगड-रत्नागिरीकडचं आहे त्यांना हे वेगळं समजावायला नको. खोत कोण, कूळ कोण, आणि पिढ्यानपिढ्या कसूनही सातबाऱ्यावर नाव नसणं म्हणजे काय, ते आमच्या पणजोबांनी भोगलेलं आहे.

नाझरेथच्या दक्षिणेला मर्ज इब्न आमिर म्हणून मोठं सुपीक खोरं आहे, हिब्रूत जेझ्रील. १८७० च्या आसपास या खोऱ्यातल्या गावंच्या गावं बैरूतच्या सुर्सोक या व्यापारी घराण्याने सरकारकडून विकत घेतली. मालक बैरूतला, कसणारे खोऱ्यात. १९१० मध्ये त्यांच्यातल्या इलियास सुर्सोकने अल-फुला गावची साधारण दहा हजार दुनम जमीन झायोनिस्ट संस्थांना विकली (एक दुनम म्हणजे आपले नऊ-दहा गुंठे, म्हणजे बघा, अडीच हजार एकरांच्या जवळपास). कुळांना कोणी विचारलं नाही. नाझरेथचा काइमकाम, म्हणजे आपल्याकडच्या प्रांतासारखा अधिकारी, शुक्री अल-असली नावाचा दमास्कसचा माणूस होता, त्याने कागद हस्तांतरित करायला साफ नकार दिला. बैरूतच्या गव्हर्नरचा हुकूम आला तरी ऐकेना. पेपरात लेख लिहिले, टोपणनाव घेतलं सलाहुद्दीन, कारण त्या जमिनीवर क्रुसेडच्या काळातल्या एका किल्ल्याचे अवशेष होते. शेवटी त्याचं काही चाललं नाही, कुळं उठली आणि १९११ मध्ये तिथे मेरहाविया ही ज्यू वसाहत उभी राहिली. अल-असली पुढे ऑटोमन संसदेत निवडून गेला, तिथेही हाच विषय मांडत राहिला, आणि १९१६ च्या मे मध्ये तुर्कांनीच त्याला इतर अरब पुढाऱ्यांबरोबर दमास्कसला फाशी दिलं.

मला विचाराल तर हे भांडण अल-फुलापासून धरावं. ज्याचा छळ झाला होता तो रशियातून जीव मुठीत धरून आला होता आणि पैसे मोजून आला होता. ज्याला उठवलं त्याचा त्या छळाशी काडीचा संबंध नव्हता. आणि ज्याने पैसे घेतले तो बैरूतला बसला होता.

तुमचं मत काय? जुनेजाणते लोक इथे आहेत, चुकलो असेन तर सांगा.

गुलबक्षी

खूप छान लिहिलंय. वाचनखूण साठवली. मला जमीन कायद्याचं हे काहीच माहीत नव्हतं. एक प्रश्न, कदाचित बाळबोध असेल. युगांडाचं काय प्रकरण होतं? शाळेत असताना कुठेतरी वाचलेलं आठवतंय की ज्यूंना आफ्रिकेत जागा देणार होते.

सह्यकडा

लेख आवडला पण अर्धाच सहमत. खारफुटी, तुम्ही हर्झलला धर्माशी संबंध नसलेला म्हणून बाजूला ठेवलंत, पण त्याच्यामागे जे लाखो साधे ज्यू उभे राहिले ते काही त्याची पुस्तिका वाचून नाही. वल्हांडणाच्या (ज्यूंचा पासओव्हर सण) जेवणाच्या शेवटी "पुढच्या वर्षी जेरुसलेममध्ये" असं म्हणत कित्येक पिढ्या गेल्या. प्रार्थना करायची ती त्या दिशेला तोंड करून. आणि तिथे ज्यू नव्हतेच असंही नाही. सफेद, तिबेरियास, हेब्रॉन, जेरुसलेम ही त्यांची चार पवित्र शहरं, तिथे झायोनिझमच्या कितीतरी आधीपासून वस्ती होती, जेरुसलेम शहरात तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्यूच जास्त होते.

आणि दुसरी गोष्ट, झायोनिझमला सरळ वसाहतवाद म्हणून टाकतात (तुम्ही म्हटलेलं नाही, पण पुढे कोणी म्हणेल म्हणून आधीच लिहितो) त्यांनी एवढं सांगावं, इंग्रज इथून गेला तो त्याच्या इंग्लंडला गेला. रशियन साम्राज्यातल्या किशिनेव्हमध्ये १९०३ च्या दंगलीत ४९ ज्यू मारले गेले, तिथून जो माणूस निघाला तो परत कुठे जाणार होता? त्याला मायदेश म्हणून दुसरं काही शिल्लक नव्हतं. हा फरक फार मोठा आहे.

खारफुटी

सह्यकडा, नातं हजारो वर्षांचं आहे हे शंभर टक्के मान्य. मी भांडण हजारो वर्षांचं नाही म्हणतोय. नातं आणि भांडण या दोन गोष्टी वेगळ्या ठेवू.

गंमत म्हणजे हे अगदी तेव्हाच एका अरबाने लिहून ठेवलंय. युसुफ झिया अल-खालिदी, जेरुसलेमचे माजी महापौर, ऑटोमन संसदेत होते, युरोपात शिकवलेलं, बऱ्याच भाषा यायच्या. मार्च १८९९ मध्ये त्यांनी फ्रान्सच्या मुख्य रब्बींना पत्र लिहिलं जे पुढे हर्झलकडे गेलं. त्यात ते आधी मान्य करतात की ज्यूंचं या भूमीशी नातं आहे, ऐतिहासिकदृष्ट्या हा तुमचाच देश. कल्पना म्हणून सुंदर आहे, न्याय्य आहे. पण तिथे आता दुसरे लोक राहतात, ते हे मान्य करणार नाहीत, रक्त सांडेल, तेव्हा देवासाठी पॅलेस्टाईनला शांत राहू द्या. हर्झलने पंधरा-वीस दिवसांत उत्तर पाठवलं. त्यात होतं की ज्यू आले की तिथल्या लोकांच्या जमिनीच्या किमती वाढतील, त्यांची भरभराट होईल, त्यांना तिथून घालवायचा विचार कोण करेल? मी दोन्ही पत्रं वाचली तेव्हा बराच वेळ सुन्न बसून होतो. एक माणूस घराबद्दल बोलतोय आणि दुसरा घराच्या भावाबद्दल.

आणि किशिनेव्हच्या माणसाबद्दल तुम्ही लिहिलंत ते अगदी बरोबर आहे, माझ्याकडे त्याला उत्तर नाही.

जुनी वही

गुलबक्षी, प्रश्न बाळबोध अजिबात नाही. १९०३ मध्ये ब्रिटिश वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेनने पूर्व आफ्रिकेतला एक पट्टा देऊ केला. नाव पडलं युगांडा योजना, पण तो भाग आज केनियात आहे. किशिनेव्ह नुकतंच घडलं होतं, हर्झलला वाटलं तात्पुरता निवारा तरी होईल, त्याने सहाव्या काँग्रेसपुढे मांडलं. आणि विरोध सगळ्यात कोणी जोरात केला तर रशियातून आलेल्या प्रतिनिधींनी, ज्यांच्यावर वेळ आली होती त्यांनीच! किशिनेव्हचे प्रतिनिधीसुद्धा विरोधात होते. हर्झल १९०४ मध्ये वारला, अवघा ४४ वर्षांचा, आणि १९०५ च्या काँग्रेसने योजना फेटाळली. म्हणजे सह्यकडा म्हणतायत त्यात तथ्य आहे, नुसती जागा हवी असती तर कुठलीही चालली असती.

पण याच्या जोडीला दुसरी बाजूही बघा. ज्या १८९७ मध्ये बासेलची काँग्रेस झाली त्याच वर्षी विल्नामध्ये 'बुंद' नावाची ज्यू कामगारांची समाजवादी संघटना निघाली. त्यांचं म्हणणं, आम्ही जिथे राहतो तिथेच आमचे हक्क घेऊ, पळून जाणार नाही. भाषा यिद्दिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली, हिब्रू नाही. कर्मठ रब्बींचा विरोध वेगळाच, मसीहा यायच्या आधी माणसांनी राज्य उभं करणं म्हणजे देवाच्या कामात हात घालणं. आणि सामान्य माणसाने पायाने मत दिलं, १८८१ ते १९१४ मध्ये जवळजवळ वीस लाख ज्यू अमेरिकेला गेले आणि पॅलेस्टाईनला फार तर साठ-सत्तर हजार, त्यातलेही पुष्कळ परत फिरले. अमेरिकेने १९२४ मध्ये कायदा करून दार जवळजवळ लावून घेतलं नसतं तर झायोनिझम एक छोटी चळवळ म्हणून राहिली असती असं मला नेहमी वाटतं.

निळी शाई

इंग्रज कुठे आहेत या चर्चेत? १९१७ वर एवढ्यात पोचायला पाहिजे होतं.

एकच जमीन, तीन वायदे. १९१५-१६ मध्ये इजिप्तमधल्या ब्रिटिश उच्चायुक्त मॅकमहॉनने मक्केच्या शरीफ हुसेनला पत्रं लिहिली, तुर्कांविरुद्ध उठा, अरबांना स्वातंत्र्य देतो. मे १९१६ मध्ये साइक्स-पिको करारात फ्रान्सबरोबर तोच प्रदेश वाटून घेतला. आणि २ नोव्हेंबर १९१७ ला परराष्ट्रमंत्री बाल्फोरने ब्रिटिश ज्यूंचे पुढारी लॉर्ड रॉथशिल्ड यांना पत्र दिलं, तोच बाल्फोर जाहीरनामा, की ज्यूंसाठी पॅलेस्टाईनमध्ये 'राष्ट्रीय घर' व्हायला ब्रिटिश सरकार अनुकूल आहे. ते पत्र मूळातून वाचा. तेव्हा तिथले नव्वद टक्के लोक अरब, आणि त्या पत्रात अरब हा शब्दच नाही! "तिथले ज्यूइतर समाज" एवढाच उल्लेख, त्यांच्या नागरी आणि धार्मिक हक्कांना बाधा येऊ नये म्हणे. राजकीय हक्कांचं नाव नाही.

आता भारताशी थेट संबंध असलेली गोष्ट सांगते, कारण ती आपल्याकडे कोणाला माहीत नसते. मंत्रिमंडळात या जाहीरनाम्याला सगळ्यात कडवा विरोध केला एका ज्यू मंत्र्याने, आणि तो म्हणजे आपला भारतमंत्री एडविन माँटेग्यू. हो, माँटेग्यू-चेम्सफर्डवाला, परीक्षेत ज्याच्या सुधारणा पाठ केल्या तोच. २० ऑगस्ट १९१७ ला त्याने हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली आणि तीनच दिवसांनी मंत्रिमंडळाला एक टिपण दिलं, मथळा असा की सध्याच्या सरकारचा ज्यूद्वेष. त्याचं म्हणणं, पॅलेस्टाईन ज्यूंचं घर ठरलं की प्रत्येक देश आपल्या ज्यूंना परका म्हणायला मोकळा होईल, जा तुमच्या घरी म्हणेल. जाहीरनामा निघाला तेव्हा तो भारताच्या वाटेवर बोटीत होता.

दुसरा विरोधक कर्झन. बंगालची फाळणी करणारा कर्झन! त्याने विचारलं की तिथे राहणाऱ्या लोकांचं काय करणार, ते काही मुकाट्याने लाकडं फोडायला आणि पाणी भरायला तयार होणार नाहीत. प्रश्न बरोबर विचारला आणि मग विरोध सोडून दिला. मला याचा फार राग येतो. कळत नव्हतं म्हणून झालं असं नाही, कळत असून झालं.

रात्रपाळी

सगळं ठीक आहे पण मूळ लेखातला एक मुद्दा पटत नाही. जमीन विकत घेतली ना? पैसे मोजून, कागद करून, तेव्हाच्या कायद्याप्रमाणे. मग घेणाऱ्याचा दोष काय? कोकणात मुंबईवाल्यांनी जमिनी घेतल्या तर आपण विकणाऱ्याला बोलतो.

तांबडी माती

रात्रपाळी, दोष म्हणून नको बघूस, काय झालं ते बघ. आधी अशा विक्रीत मालक बदलायचा, कूळ तेच राहायचं. नवीन मालकाला खंड द्यायचा, बस. इथे तसं झालं नाही. ज्यू राष्ट्रीय निधी १९०१ मध्ये स्थापन झाला, त्याचा नियम असा की घेतलेली जमीन कायमची ज्यू समाजाची, ती पुन्हा विकायची नाही. आणि १९०४ नंतर आलेल्या समाजवादी तरुणांनी आग्रह धरला की जमीन आपल्याच हातांनी कसायची, अरब मजूर लावायचा नाही. त्यांच्या बाजूने तो उदात्त विचार होता, दुसऱ्याचं शोषण नको, ज्यूने स्वतः घाम गाळावा. किबुत्झ, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वसाहती, त्यातूनच आल्या, देगानिया १९०९-१० चं. पण कुळाच्या बाजूने बघ. जुना जमीनदार लुबाडायचा, पण ठेवायचा तरी. नव्याने लुबाडलं नाही, पण ठेवलंही नाही.

१९२० नंतर सुर्सोकांनी खोऱ्यातली उरलेली गावंही विकली, तेव्हा कुठे कुठे थोडी भरपाई दिली. १९३० मध्ये ब्रिटिशांचाच होप-सिम्पसन अहवाल आला त्यात भूमिहीन अरबांचा प्रश्न स्पष्ट लिहिलाय. हे लोक हैफाला जाऊन पत्र्याच्या झोपड्यांत राहिले आणि ब्रिटिशांविरुद्ध हत्यार उचलणारा हैफाचा मौलवी इझ्झुद्दीन अल-कस्साम, त्याला त्याची माणसं त्याच वस्तीत मिळाली. तो १९३५ च्या नोव्हेंबरात मारला गेला आणि सहा महिन्यांच्या आत अख्खा पॅलेस्टाईन संपावर गेला.

त्याच सुमाराला आपल्या अलिबागजवळ चरीचा संप चालू होता, १९३३ ते १९३९, खोतांविरुद्ध कुळांनी जमीन कसायचीच नाही असं ठरवलं. आमच्याकडे पुढे खोती गेली, कूळकायदा आला. तिकडे कुळाला कायदा मिळायच्या आधी लढाई आली.

मोडीवाचक

उशिरा आलोय, पण एक आक्षेप नोंदवतो. खारफुटी आणि तांबडी माती, तुमची जमिनीची मांडणी आकर्षक आहे, पण आकडे तिला साथ देत नाहीत. १९४७ पर्यंत सगळी खरेदी धरूनही ज्यूंच्या मालकीची जमीन पॅलेस्टाईनच्या ६-७ टक्क्यांच्या वर नव्हती. सात टक्क्यांवरून एवढं मोठं भांडण? खरा प्रश्न माणसांच्या संख्येचा होता. १९२२ च्या जनगणनेत साडेसात लाखांत ज्यू ८४ हजार. हिटलर आल्यावर एकट्या १९३५ सालात साठ हजारांहून जास्त आले! अरबांना दिसत होतं की दहा-पंधरा वर्षांत आपण आपल्याच देशात अल्पसंख्य होणार, आणि ते खोटं नव्हतं. आणि येणाऱ्यांना दिसत होतं की मागे मरण आहे, तेही खोटं नव्हतं. जुलै १९३८ मध्ये एव्हियानला ३२ देश जमले निर्वासितांचं काय करायचं म्हणून, सगळ्यांनी सहानुभूती दाखवली आणि जवळजवळ कोणीच दार उघडलं नाही.

शिवाय तुमच्या मांडणीत अरब पुढारी फार सुटतात. व्यासपीठावर जमीन विकणाऱ्याला गद्दार म्हणायचं आणि मागच्या दाराने आपणच विकायची, असं प्रतिष्ठित घराण्यांनी केलेलं आहे, पाच-दहा नावं नाहीत, चांगली यादी आहे. जेरुसलेमच्या हुसेनी आणि नशाशिबी या दोन बड्या घराण्यांची आपसातली भाऊबंदकी वेगळी. आणि १९२९ कोणी लिहिलंच नाही इथे. जेरुसलेममधल्या ज्यूंच्या पवित्र पश्चिम भिंतीच्या वादातून दंगल उसळली आणि हेब्रॉनमध्ये ६७ ज्यू मारले गेले. ते नव्याने आलेले नव्हते बहुतेक, तिथले जुने, पिढ्यानपिढ्यांचे, अरबी बोलणारेसुद्धा त्यात होते. कितीतरी अरब कुटुंबांनी शेजाऱ्यांना घरात लपवून वाचवलं हेही तितकंच खरं. पण त्यानंतर "आम्ही जुने ज्यू वेगळे, ते झायोनिस्ट वेगळे" असं म्हणायची सोय राहिली नाही.

१९३६-३९ च्या अरब बंडाबद्दल एकच सांगतो. ते मोडायला ब्रिटिशांनी ज्याला सल्लागार म्हणून आणलं तो चार्ल्स टेगार्ट, कलकत्त्याचा पोलिस कमिशनर, बंगालच्या क्रांतिकारकांचा काळ. त्याने पॅलेस्टाईनभर बांधायला लावलेल्या पोलिस गढ्यांना अजून टेगार्ट किल्लेच म्हणतात. पाच हजारांच्या आसपास अरब मारले गेले, पुढारी हद्दपार झाले, हत्यारं काढून घेतली. १९४८ मध्ये अरब समाज का कोसळला याचं अर्धं उत्तर १९३९ मध्ये आहे.

खारफुटी

मोडीवाचक, सात टक्क्यांचा मुद्दा लागला. प्रामाणिकपणे सांगायचं तर मी जमिनीला जरा जास्तच वजन दिलं, स्वतःच्या घराण्याचं दुखणं त्यात मिसळलं असणार. पण एवढं मात्र धरून ठेवतो, की ते सात टक्के कुठले होते ते महत्त्वाचं. खोरं आणि किनारपट्टी, सलग सुपीक पट्टे. १९३७ ला ब्रिटिशांच्या पील कमिशनने पहिल्यांदा फाळणीचा नकाशा काढला तेव्हा ज्यू राज्याची रेघ या खरेदी केलेल्या पट्ट्यांवरूनच गेली. दुनम दुनम करून नकाशा आधी जमिनीवर काढला गेला होता, कमिशनने तो कागदावर उतरवला.

हेब्रॉन मी लिहायला हवं होतं, ते राहिलं ही माझी चूक आहे. आणि १९३९ ची श्वेतपत्रिका सुद्धा. बंड मोडल्यावर ब्रिटिशांनी अरबांना शांत करायला ज्यूंच्या येण्यावर पाच वर्षांत ७५ हजारांची मर्यादा घातली. साल बघा. १९३९! नेमकं तेव्हा.

रात्रपाळी

तांबडी माती, समजलं. "ठेवलंही नाही" हे डोक्यात राहील.

बाकी गांधीजींनी हरिजनमध्ये नोव्हेंबर १९३८ ला लिहिलं होतं की इंग्लंड इंग्रजांचं तसं पॅलेस्टाईन अरबांचं, आणि सावरकरांनी डिसेंबर १९४७ मध्ये ज्यू राज्याचं स्वागत केलं होतं. दोन्ही आपल्याकडे फॉरवर्डमध्ये फिरतात पण कोणी संदर्भ देत नाही. त्यावर वेगळा धागा काढावा, इथे नको, नाहीतर धाग्याचं काश्मीर होईल.

निळी शाई

१९४७ चं थोडक्यात टाकते म्हणजे धागा अर्धवट राहणार नाही. युनोने अकरा देशांची समिती नेमली, त्यात भारत होता, आपल्याकडून सर अब्दुर रहमान. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया या तिघांनी फाळणी नको, एक संघराज्य करा असा वेगळा अहवाल दिला. समितीचं काम चालू असतानाच भारताची स्वतःची फाळणी झाली, हे डोक्यात ठेवून तो अहवाल वाचला की पोटात कालवतं. २९ नोव्हेंबर १९४७ ला मतदान, ३३ बाजूने, १३ विरुद्ध, १० तटस्थ. भारत विरुद्ध. एक तृतीयांश लोकसंख्येला निम्म्याहून जास्त जमीन, हे अरबांना मान्य होणं शक्य नव्हतं, आणि दोन वर्षांपूर्वी साठ लाख गमावलेल्या ज्यूंना आता नाही म्हणणं शक्य नव्हतं.

पुढचं वर्ष सगळ्यांना माहीत आहे. ९ एप्रिलला देर यासीनमध्ये शंभरावर गावकरी मारले गेले, चारच दिवसांनी हदासा हॉस्पिटलकडे जाणाऱ्या डॉक्टर-नर्सच्या ताफ्यावर हल्ला, ७८ ठार. १४ मे ला इस्रायलची घोषणा, दुसऱ्या दिवशी अरब देशांची सैन्यं आत. लढाई संपेपर्यंत सात लाखांवर पॅलेस्टिनी घरादाराला मुकले, ते त्याला नकबा म्हणतात. त्यानंतरच्या वर्षांत अरब देशांतले ज्यू उखडले गेले, एकट्या इराकमधून १९५०-५१ मध्ये लाख-सव्वा लाख. इराकमध्ये ज्यूंची वस्ती इस्लामच्या आधीपासूनची, आपल्या मुंबई-पुण्याचे ससून बगदादचेच. ती जवळजवळ संपली.

अलिबागची

इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहितेय कारण वर कोणी बेने इस्रायलींचा, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंचा, विषयच काढला नाही. आमच्याकडे इस्रायल आळी आहे, लहानपणापासून त्यांना आम्ही शनिवार तेली म्हणून ओळखतो, शनिवारी घाणा बंद. आडनावं सगळी गावांवरून, पेणकर, रोहेकर, नवगावकर. त्यांना इथे कोणी कधी त्रास दिला नाही हे ते स्वतः सांगतात. म्हणजे पिन्स्करचं कारण त्यांना लागूच नव्हतं, तरी बहुतेक सगळे गेले. आणि तिकडे गेल्यावर त्यांना तुम्ही पुरते ज्यू आहात का हे विचारलं गेलं, लग्नाला परवानगी देताना वंशाची चौकशी! त्याविरुद्ध त्यांनी धरणं धरलं आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ठराव केल्यावर ते मिटलं.

आमच्या शेजारच्या आजी १९५१ च्या सुमाराला गेल्या. त्यांना इस्रायलमधल्या लोद गावात घर मिळालं. मी कॉलेजला असताना त्या एकदा अलिबागला आल्या होत्या, आमच्याच ओसरीवर बसून मलिद्याचे पोहे भिजवता भिजवता सांगत होत्या. मराठी अगदी आपली जुनी, "पोरी", "गो" वगैरे. म्हणाल्या घर आयतंच होतं, दगडी, कमानीचं, आमच्या आधी कोणी अरब राहायचे. भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यावर काजळी. कोणाचातरी दिवा असायचा तिथे. मी राख लावून लावून घासली, चुना दिला, तरी पावसाळी हवा आली की काळं वर यायचं. मग मी शुक्रवारचा माझा दिवा तिथेच ठेवायला लागले.

मी विचारलं ते लोक कुठे गेले. म्हणाल्या, "आम्ही विचारलं नाही गो. आम्हाला तरी कुठे धड भाषा येत होती."

खारफुटी

अलिबागची, लोद आणि रामला ही दोन्ही गावं जुलै १९४८ मध्ये रिकामी केली गेली, पन्नास हजारांच्या वर माणसं, भर उन्हात पायी रामल्लाच्या दिशेने. आजींना ते घर मिळालं ते त्यानंतर तीनच वर्षांनी.

त्यांच्या घरचं कोणी अजून लोदमध्ये आहे का? असेल आणि त्यांची हरकत नसेल तर त्या घराचं पुढे काय झालं ते विचाराल?

अलिबागची

नातू आहे. विचारून इथेच लिहिते.